रोगाचे नाव कामगाराला कळले पाहिजे

पेरांबूरच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे अलीकडे जाण्याचा योग आला. मुलगा इंटिग्रल कोच फॅक्टरीत कामाला आहे. वडिलांनी मुंबईच्या एका कापड गिरणीत, ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यात, सारे आयुष्य काढलेले; लाल बावट्याच्या युनियनचे जुने सभासद. पक्षाचे भाषांतराचे काम करणारी मुलगी चेन्नईत आली आहे एवढे त्यांना कोणीतरी सांगितले होते. चहा होण्याच्या आतच काकांनी उशाखालून कागदांचे एक भेंडोळे काढले. सोनोग्राफीचा अहवाल, रक्ताचे तीन-चार रिपोर्ट, आणि घडीवर फाटलेले, मुंबईहून जपून आणलेले एक जुने कार्ड.

"पोरी, तू एवढी इंग्रजी पुस्तकं मराठीत आणतेस. ह्यात वाईट काय लिहिलंय तेवढं सांग."

सोनोग्राफीच्या अहवालात एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. शब्द होता 'अनरिमार्केबल', आणि तो चार ठिकाणी आला होता. शेजारच्या शाळकरी मुलाने शब्दकोश पाहून सांगितले होते की 'रिमार्केबल' म्हणजे नाव घेण्याजोगे, उल्लेखनीय. तेव्हा काकांनी आपल्यापुरता अर्थ लावला की यकृत, मूत्रपिंड, प्लीहा यांपैकी काहीच आता नाव घेण्याच्या लायकीचे उरलेले नाही. तीन रात्री त्यांना झोप नव्हती. वस्तुतः तपासणाऱ्या डॉक्टरला म्हणायचे होते ते नेमके उलट: नीट पाहिले, टिपून ठेवावे असे काहीही आढळले नाही, अवयव ठीक आहे.

त्या अहवालात भिण्यासारखे काहीच नव्हते. तरीही एका वृद्ध कामगाराच्या तीन रात्री वाया गेल्या. हा प्रकार विनोदी वाटत असेल तर वाचकाने आपल्या घरातील कपाटात ठेवलेले रिपोर्ट एकदा काढून पाहावेत आणि त्यांतील किती ओळी आपल्याला कळतात हे प्रामाणिकपणे मोजावे. मी साहित्य विषय घेऊन पदवीधर झालेली. राज्यशास्त्राचे जड ग्रंथ मराठीत आणताना मला फारशी अडचण पडत नाही. परंतु त्याच भेंडोळ्यातील 'क्रिएटिनिन' हा शब्द समजावून सांगण्यासाठी मला एका डॉक्टर कॉम्रेडला दूरध्वनी करावा लागला. त्यांनी जे सांगितले ते दोन वाक्यांचे होते. स्नायूंच्या कामातून जो केर तयार होतो त्यापैकी हा एक; मूत्रपिंड तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून मूत्रपिंड थकले की रक्तातील त्याचा आकडा चढतो. एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट काकांना कोणी दिले नव्हते.

दवाखान्यातील कित्येक शब्द असे आहेत की ऐकणाऱ्याला त्यांचा उलटाच अर्थ लागतो. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले, हे शाळेपासून कानावर पडलेले. तपासणीत मात्र 'पॉझिटिव्ह' म्हणजे जे शोधत होतो ते सापडले, आणि शोधत होतो तो बहुधा रोग. 'क्रॉनिक' म्हणजे भयंकर असे सर्रास समजले जाते. त्याचा अर्थ जुनाट, रेंगाळलेला एवढाच. 'अक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेला. 'बिनाइन' गाठ म्हणजे जिथल्या तिथे राहणारी. 'मॅलिग्नंट' म्हणजे शेजारच्या भागांत घुसणारी आणि रक्तावाटे दूरवर बीज टाकणारी. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आले की त्या अवयवाला सूज आहे असे समजावे: अपेंडिसायटिस, हेपटायटिस, आर्थ्रायटिस. शेवटी 'एक्टमी' आले की तो अवयव कापून काढणे. 'स्कोपी' म्हणजे नळी घालून आत डोकावणे. एवढ्या थोड्या किल्ल्यांनी घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डाचे अर्धे कुलूप उघडते. हेपटायटिस हा शब्द प्राचीन ग्रीसमधल्या माणसाला 'यकृताचा दाह' इतकाच सरळ वाटला असता. जर्मन कामगार आजही अपेंडिक्सला 'आंधळे आतडे' आणि न्यूमोनियाला 'फुप्फुसाचा दाह' अशाच अर्थाच्या घरगुती शब्दांनी ओळखतो. त्याच्या डॉक्टरचे पांडित्य त्यामुळे उणे झाल्याचे ऐकिवात नाही!

'पॉझिटिव्ह' या शब्दाशी चेन्नई शहराचे एक विशेष नाते आहे, आणि त्यात मराठी धागाही आहे. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातील एचआयव्हीची पहिली प्रकरणे उघडकीस आणली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. निर्मलाबाईंनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि तपासणीसाठी स्वतः वेल्लोरला नेले; सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. हा रोग पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा आहे, भारतीय संस्कृतीला तो शिवणार नाही, असे तोवर छातीठोकपणे सांगितले जात होते. १९९३ साली सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने जी संस्था काढली तिच्या नावात 'संशोधन' या शब्दाबरोबर 'शिक्षण' हाही शब्द आहे. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

हे येथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. एड्ससाठी तमिळमध्ये एक सोपा शब्द प्रचारात आणला गेला: 'आट्कोल्लि नोय', म्हणजे माणसे मारणारा रोग. शब्द कोणालाही कळेल असा होता, लक्षात राहील असा होता. पण तो ज्याच्या कपाळी बसला त्याला शेजाऱ्याने विहिरीवरून आणि मालकाने कामावरून हाकलायला तेवढा पुरेसा होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधोपचार सुरू झाले. त्या पहिल्या मोजक्या रुग्णालयांत चेन्नईजवळचे तांबरमचे रुग्णालयही होते. औषधे नियमित घेणारी माणसे वर्षानुवर्षे जगू लागली, कामावर जाऊ लागली, आणि तो सोपा शब्द खोटा ठरला. तेव्हा सोपा शब्द म्हणजे खरा शब्द असे आपोआप होत नाही, हे आधीच मान्य करून पुढे गेले पाहिजे.

तरीसुद्धा तमिळ वैद्यकीय शब्दांचा मला या मुक्कामात हेवा वाटला, हे कबूल करते. सेंट्रल स्थानकासमोरच्या सरकारी रुग्णालयाबाहेर नातेवाइकांच्या घोळक्यात उभे राहिले तर हे शब्द खेड्यातून आलेल्या बायकांच्या तोंडी सहज ऐकू येतात. फुप्फुसाला तमिळमध्ये म्हणतात 'नुरैयीरल'. 'नुरै' म्हणजे फेस. ज्याने बकऱ्याचे फुप्फुस हाताळले आहे त्याला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. यकृत ते 'कल्लीरल', दगडासारखे घट्ट. प्लीहा ती 'मण्णीरल', मातीसारखी. मूत्रपिंड ते 'सिरुनीरगम', लघवीचे ठिकाण. जठर ते 'इरैप्पै', अन्नाची पिशवी. पित्ताशय ते 'पित्तप्पै'. हृदयविकाराचा झटका या आपल्या लांबलचक शब्दप्रयोगाला तमिळमध्ये एकच शब्द आहे, 'मारडैप्पु': छातीचे तुंबणे. रक्तवाहिनी तुंबते आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते, हीच त्या रोगाची गोष्ट. ती शब्दातच सांगून झाली. कर्करोग हा आपला शब्द खेकड्यावरून आला. गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून ग्रीक वैद्यांना सुचलेली ती उपमा आहे. तमिळ माणूस म्हणतो 'पुट्रुनोय', वारुळाचा रोग. शेतात वारूळ कसे वाढते हे पाहिलेल्याला त्यातून रोगाच्या वाढीची काहीतरी कल्पना येते.

यांतील काही शब्द फार जुने आहेत आणि काही विसाव्या शतकात खटपटीने घडविलेले. राजाजींनी १९१६ साली सेलम येथे तमिळमधील शास्त्रीय शब्दांसाठी एक संस्था काढली होती. पुढे १९५२ साली मद्रासचे मुख्यमंत्री झाल्यावर हेच राजाजी कम्युनिस्टांना आपले पहिल्या क्रमांकाचे शत्रू म्हणाले, आणि आपल्या कॉम्रेडांनीही त्यांची परतफेड कसूर न करता केली. तथापि शब्दांच्या बाबतीत त्यांचे ऋण मान्य करायला आपले काही बिघडत नाही. त्याही आधी सिंहलद्वीपातील जाफना भागात अमेरिकन मिशनरी डॉक्टर सॅम्युएल ग्रीन यांनी तमिळमधून वैद्यक शिकविले आणि १८७२ साली ग्रेचा शारीरशास्त्रावरील ग्रंथ तमिळमध्ये आणला. आपल्याकडेही अशी सुरुवात झाली होती. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली मराठी व गुजराती भाषांतून वैद्यक शिकविणारे वर्ग निघाले होते, हे आज किती डॉक्टरांना ठाऊक असेल?

पुढे राज्य मराठी भाषिकांचे झाले, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, परिभाषा कोश निघाले. ते काम कष्टाचे होते आणि त्याची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. शब्द अडला की मीही त्याच कोशांकडे धावते. परंतु 'स्वादुपिंड' या शब्दावरून तो अवयव काय करतो याचा कोणाला बोध होतो? जेवण पचविणारा रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन तयार करणारा हा अवयव. नावात मात्र केवळ स्वाद. 'अधिवृक्क ग्रंथी', 'जठरनिर्गम', 'अंतःस्रावी' हे शब्द रुग्णापुढे ठेवणे म्हणजे एका परक्या भाषेच्या जागी दुसरी परकी भाषा ठेवणे होय. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाची हिंदी पुस्तके केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते मोठ्या समारंभाने प्रकाशित झाली. त्यांत इंग्रजी शब्द बहुतांशी जसेच्या तसे देवनागरीत उतरविलेले होते. त्याला माझी हरकत नाही. 'टेबल' आणि 'रिपोर्ट' प्रमाणे तेही रुळतील. हरकत याला आहे की त्या समारंभात रुग्ण कुठेच नव्हता. भाषेचा झेंडा उभारणाऱ्यांना खाटेवरच्या माणसाला काय कळले याच्याशी कर्तव्य नसते.

आणि सारा प्रवाह डॉक्टरकडून रुग्णाकडेच वाहतो असे तरी आपण का धरून चालावे? कष्टकऱ्यांच्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत ते पाहा. ठणका, कळ, चमक, उसण, सणक, जळजळ, आग, पेटका, वांब, मुरडा, मुंग्या. ठणका म्हटले की नाडीच्या ठेक्यावर ठोके देणारे दुखणे, बहुधा आत पू धरलेला. कळ म्हटले की लाटेसारखी येते आणि ओसरते. आतड्यात किंवा मूत्रमार्गात काही अडकले तर अशी येते. जळजळ आम्लाची. मुंग्या शिरेवरच्या दाबाच्या. म्हणजे निदानाची निम्मी वाट रुग्णाने आपल्या शब्दात चालूनच दिलेली असते. केसपेपरवर मात्र या साऱ्यांचे एकच भाषांतर होते: 'पेन'. भाषांतराचा धंदा करणारी म्हणून सांगते, मूळ मजकुराचे इतके नुकसान माझ्या हातून झाले असते तर संपादकांनी मला घरी बसविले असते. उलट काही ठिकाणी लोकांचाच शब्द घोटाळा करतो हेही खरे. 'काळीज' म्हणताना खाटकाच्या दुकानात आपण यकृत समजतो आणि दुःख सांगताना हृदय. 'काळजात दुखतं' म्हणणाऱ्या बाईला बोट ठेवून दाखवायला सांगणारा डॉक्टर शहाणा.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ते संशोधन १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात अवघ्या आठ. 'अंगावरून जाणे' या दोन शब्दांत त्या बायका आपसात जे बोलत होत्या ते कोणत्याही सरकारी आकड्यात तोवर आले नव्हते.

आता 'पिशवी'कडे येते, कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे.

मराठवाड्यात आणि इतरत्रही गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. तमिळमध्येही 'करुप्पै' म्हणजे गर्भाची पिशवीच. शब्द सोपा, ओळखीचा, घरातला. परंतु पिशवी ही वस्तू फाटली की टाकून द्यायची असते आणि काम झाले की खुंटीला अडकवून ठेवायची असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांचे काय झाले हे २०१९ साली देशासमोर आले. शासनाने नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक 'कोयता', एक दिवस खाडा झाला की दंड, फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळी ही तेथे चैन ठरते. अशा बाईला अंगावरून पांढरे जाते म्हणून ती दवाखान्यात गेली, की तिला सांगितले जाई, "पिशवी खराब झालीय. राहू दिली तर कॅन्सर होईल. दोन मुलं झालीत ना, मग आता तिचं काय काम?"

या वाक्यात न कळण्यासारखा एकही शब्द नाही! सोप्या भाषेचा याहून सोपा नमुना सापडणार नाही. आणि तरीही ती बाई पूर्ण अंधारात राहिली. पांढरे जाणे हे बहुधा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते, हे तिला सांगितले गेले नाही. गर्भाशय वेगळे, त्याचे तोंड वेगळे आणि दोन्ही बाजूंची बीजकोशे वेगळी. 'पिशवी काढली' या दोन शब्दांत काय काय काढले हे तिला कळले नाही. बीजकोशांतून जे स्राव रक्तात जातात ते हाडे मजबूत ठेवतात. तिशीतच ते थांबले तर चाळिशीच्या आत कंबर आणि सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. मोळी उचलून जगणाऱ्या बाईच्या हाडांचा हा प्रश्न होता. 'बीजकोश' हा एक शब्द, आणि त्याच्याबरोबर ही चार वाक्ये, तिला आधी मिळाली असती तर तिने निदान दुसऱ्या डॉक्टरला विचारले असते.

म्हणून संस्कृत शब्द की देशी शब्द की इंग्रजी शब्द, या आपल्याकडील जुन्या वादात मला आता पूर्वीइतका रस उरलेला नाही. गर्भाशय म्हणा, पिशवी म्हणा, युटेरस म्हणा. तो अवयव काय करतो, तो काढला तर काय होईल, न काढता दुसरा उपाय कोणता आणि त्याला काय खर्च, हे सांगितले की नाही, एवढेच विचारले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही १६ जानेवारी २००८ च्या एका निकालात जवळजवळ हेच सांगितले आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश, ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय कळल्यावाचून दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. सरकारी वा खाजगी रुग्णालयात भरती होताना ज्या छापील कागदावर आपण डोळे मिटून अंगठा उठवितो त्याला हा निकाल लागू आहे. आपल्या किती शाखांनी तो सभासदांना वाचून दाखविला आहे?

डॉक्टर समजावून का सांगत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधू नये. २०१७ साली ६७ देशांतील माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये प्राथमिक डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे देतो, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटे. सरकारी दवाखान्यात रांग एवढी मोठी आणि डॉक्टर एवढे थोडे की दोन मिनिटेही उदारपणाची वाटावीत. खाजगी रुग्णालयात वेळेला भाव असतो. तेथे समजावण्याला पैसे मिळत नाहीत, कापण्याला मिळतात. न समजलेला रुग्ण हा त्या व्यवसायाला सोयीचा असतो. त्यामुळे सोप्या भाषेची मागणी ही सार्वजनिक आरोग्यसेवेतील नोकरभरतीच्या आणि निधीच्या मागणीपासून वेगळी काढता येत नाही. भाषाप्रेमी मंडळींना हे रुक्ष वाटेल. वाटो.

परंतु सत्ता आणि निधी हाती येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, कारण हे काम आपल्याला येते. मार्क्सचे अर्थशास्त्र मराठीत आणणाऱ्या ज्येष्ठांपुढे 'सरप्लस व्हॅल्यू' हा शब्द आला तेव्हा त्यांनी 'वरकड मूल्य' असा शब्द वापरला. वरकड हा शब्द घरादारातला, हिशेबातला. तेवढ्यावरही ते थांबले नाहीत. गिरणगावातील खोल्यांत अभ्यासवर्ग घेऊन, बारा तासांच्या पाळीतले किती तास स्वतःच्या पगाराचे आणि किती तास शेटजींचे, हे आकडे मांडून दाखविले. चौथी शिकलेल्या साचेवाल्याला ते कळले. ज्यांना वरकड मूल्य समजावता आले त्यांना क्रिएटिनिन समजावता येणार नाही काय? आमच्या अंकांतही आम्ही अनुवादक 'व्यवसायजन्य श्वसनविकार' असे लिहून मोकळे होतो आणि पुढच्या ओळीला लागतो. हा दोष माझाही आहे. प्रत्येक अंकात दोन शब्द घेऊन ते युनियनच्या कचेरीत मोठ्याने वाचता येतील असे उलगडून छापायला फार जागा लागणार नाही. पक्षाशी संबंधित डॉक्टर आहेत, त्यांनी मजकूर तपासून द्यावा.

कामगाराच्या बाबतीत रोगाच्या नावाला पैशाचीही किंमत असते. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. या यादीत सिलिकाच्या धुळीचा फुप्फुसविकार आहे, आणि कापूस, ताग यांच्या धुळीचाही आहे. त्या कापसाच्या विकाराचे नाव 'बायसिनोसिस'. कार्डावर 'ब्राँकायटिस' लिहिले तर तो कामगाराचा घरगुती आजार. खोकल्याचे औषध घ्या आणि जा. 'बायसिनोसिस' लिहिले आणि ते सिद्ध झाले तर ती कामावर झालेली इजा, आणि भरपाईचा हक्क. एका शब्दाच्या अलीकडे काही नाही, पलीकडे निवृत्तिवेतनासारखी रक्कम. या विकाराची खूण अशी की सुरुवातीला छाती रोज आवळत नाही. सुट्टी होऊन कामगार परत धुळीत गेला की पहिल्या दिवशी आवळते, पुढे ती कमी होते. वर्षे गेली की मग ती रोजची होते.

काकांच्या भेंडोळ्यातील ते मुंबईचे जुने कार्ड मी सर्वांत शेवटी उघडले. त्यावर दोन शब्द होते: 'क्रॉनिक ब्राँकायटिस'. मी डॉक्टर नाही, आणि इतक्या वर्षांनी कोणी निदान करूही नये. मी फक्त विचारले की छाती केव्हा भरून यायची.

"सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला," ते म्हणाले. "दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरायचं. खात्यात सगळ्यांनाच व्हायचं. आम्ही म्हणायचो, आपल्याला सुट्टी मानवत नाही."

हे तुम्ही त्या वेळी दवाखान्यात सांगितले होते का, असे मी विचारले. "कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

मी त्यांना तो शब्द आणि त्याचा अर्थ सांगितला. यादीची गोष्ट सांगितली. गिरणी बंद होऊन इतकी वर्षे लोटल्यावर त्याचा त्यांना आता पैशाने काही उपयोग होणे कठीण, हेही सांगितले. कार्डाच्या मागच्या बाजूला तो देवनागरीत लिहून द्यायला त्यांनी लावले. चष्मा पुसून त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचला. मग खात्यातील एकेकाचे नाव घेऊन ते बोटांवर मोजू लागले.